एडिंबरा ते लर्विक : स्कॉटलंडचे हेल ऐकत

सोमवार, एडिंबरा

स्कॉटिश माणसाचे इंग्रजी कळत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती ही की समोरचा माणूस प्रत्येक वेळी इंग्रजीच बोलत असतो असे नाही. या देशात तीन भाषा नांदतात. उत्तर-पश्चिमेचे डोंगर आणि तिकडची बेटे यांची गेलिक ही केल्टिक कुळातली आहे. सखल प्रदेशाची स्कॉट्स ही नॉर्थम्ब्रियातल्या जुन्या इंग्रजीपासून निघालेली आहे, म्हणजे नात्याने ती आजच्या इंग्रजीची मुलगी नसून बहीण लागते. तिसरी म्हणजे स्कॉटिश वळणाची प्रमाण इंग्रजी, जी शाळा, न्यायालये आणि बातम्यांत चालते. २०२२ च्या जनगणनेत १५ लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असे नोंदवले, तर गेलिक बोलणारे ७० हजारांच्या थोडे आतच राहिले. या दोन्ही भाषांना २०२५ च्या कायद्याने अधिकृत दर्जा मिळाला आहे. अडचण एवढीच की स्कॉट्स आणि स्कॉटिश इंग्रजी यांच्यामध्ये भिंत नाही, उतार आहे. बँकेतल्या खिडकीशी उताराच्या माथ्यावर उभा असलेला माणूस मित्राचा फोन येताच एका वाक्यात पायथ्याशी पोहोचतो.

वेव्हर्ली स्थानकावर उतरल्यापासून संध्याकाळपर्यंत जे काही ऐकले ते मात्र आश्चर्य वाटावे इतके सहज कळत गेले, आणि त्याची कारणे उच्चारशास्त्रातच आहेत. लंडनच्या प्रतिष्ठित बोलीत ‘कार’ आणि ‘पार्क’ यांमधला ‘र’ ऐकूच येत नाही. स्कॉटलंडमध्ये तो जिथे लिहिला आहे तिथे उच्चारला जातो. लंडनकर ‘गोट’ आणि ‘फेस’ या शब्दांतल्या स्वरांना मध्येच वाकवतो; इथे त्या जागी आपल्यासारखेच सरळ ‘ओ’ आणि सरळ ‘ए’ येतात. मराठी माध्यमात इंग्रजी शिकलेल्या माणसाचे उच्चार याच दोन बाबतींत इंग्लंडमध्ये वेगळे पडतात आणि इथे जुळतात. उलट बाजूला ‘पुल’ आणि ‘पूल’ यांत स्कॉटिश माणूस फरक करत नाही, ‘गुड’ आणि ‘फूड’ यांचे यमक जुळवतो, आणि तो ‘ऊ’ जिभेच्या इतक्या पुढे आणतो की पहिल्यांदा ऐकताना तो ‘यू’ वाटतो. ‘विच’ या एकाच उच्चारात आपण चेटकीण आणि ‘कोणता’ असे दोन शब्द कोंबतो. जुन्या पिढीचा एडिंबराकर दुसऱ्या शब्दात फुंकर घातल्यासारखा ‘ह्व’ म्हणतो. हा ‘ह्व’ लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण गावोगाव त्याचे रूप पालटत जाते.

या शहराला आपल्या बोलण्याची लाज वाटावी असा एक काळ होता. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या संसदा एक झाल्यावर लंडनमध्ये वजन हवे असेल तर लंडनसारखे बोलले पाहिजे, हे इथल्या सुशिक्षितांनी मनावर घेतले. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७५२ साली आपल्या लेखनातून गाळण्याजोग्या स्कॉटिश प्रयोगांची यादीच छापली, आणि १७६१ मध्ये टॉमस शेरिडन नावाचा आयरिश नट एडिंबऱ्यात येऊन शुद्ध इंग्रजी उच्चारांवर व्याख्याने देऊ लागला तेव्हा शहरातली प्रतिष्ठित मंडळी ती ऐकायला जमली. स्कॉट माणसाने आयरिश माणसाकडून इंग्रजी शिकावी, यातली गंमत तेव्हा कोणाला जाणवली की नाही कोण जाणे. त्या ध्यासाचे टोक म्हणजे मॉर्निंगसाइड या सधन उपनगराचा हेल, ज्यात ‘अॅ’ चा ‘ए’ होतो. ग्लासगोतल्या केल्विनसाइडचीही हीच ख्याती आहे आणि दोन्हीकडे एकच विनोद सांगितला जातो की तिथे ‘क्रेश’ म्हणजे पाळणाघर नव्हे, दोन मोटारींची टक्कर.

मॉर्निंगसाइडहून बस पकडून बंदराकडच्या लीथ भागात गेलो की भाषा झपाट्याने उतार उतरते. मागच्या बाकावरच्या शाळकरी मुलांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांमागे ‘केन’ येत होते, म्हणजे ‘माहीत आहे ना’. चांगल्या गोष्टीला ती ‘बॅरी’ म्हणत होती, आणि कोणाची तरी सायकल ‘चोर्ड’ झाली होती. हे शेवटचे क्रियापद ऐकून मान वळली. ते रोमानी भाषेतून आले आहे, आणि रोमानी ही भटक्या जमातींनी भारतातून युरोपात नेलेली भाषा असल्यामुळे आपला ‘चोर’ आणि लीथच्या बसमधला ‘चोर’ हे खरोखर एकाच घरचे आहेत. रात्री मासे आणि बटाट्याच्या दुकानात ‘सॉल्ट अॅन सॉस’ असे विचारले गेले. एडिंबऱ्यात मीठ आणि तपकिरी पातळ सॉस, ग्लासगोत मीठ आणि व्हिनेगर, हा भेद इथले लोक उच्चारांच्या भेदाइतकाच गांभीर्याने घेतात.

मंगळवार, लॉडर आणि हॉइक

दक्षिणेकडे इंग्लंडच्या सीमेलगतच्या भागाला नुसते ‘बॉर्डर्स’ म्हणतात. बसच्या वाटेवर लॉडर हे एका लांबट मुख्य रस्त्याचे छोटे गाव लागते. मुंबईतल्या विल्सन कॉलेजात शिकलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल सांगता येत नाही, पण ज्यांच्या नावाने ते कॉलेज चालते ते जॉन विल्सन १८०४ साली इथे जन्मले आणि १८२९ मध्ये मुंबईत उतरल्यावर मराठी शिकले. एकोणिसाव्या शतकात मुंबई-कोकणात शाळा काढणाऱ्या आणि मराठीचा अभ्यास करणाऱ्या मिशनऱ्यांत स्कॉट लोकांचा भरणा मोठा होता. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कानांवर पडलेली पहिली इंग्रजी कोणत्या हेलाची असेल, हा विचार लॉडरच्या रस्त्यावर मनात आल्याशिवाय राहत नाही.

हॉइक हे लोकरी कपड्यांच्या गिरण्यांचे गाव. नावातला ‘डब्ल्यू’ पाहून ‘हॅविक’ म्हणणारा परका लगेच ओळखू येतो. आजूबाजूच्या गावांचे लोक हॉइकच्या बोलीला ‘यौ अॅन मेइ’ म्हणतात, कारण ‘यू अॅन्ड मी’ ची इथे तीच गत होते. शब्दाच्या शेवटचा ‘ई’ ताणून ‘एइ’ होतो, ‘ट्री’ चे ‘ट्रेइ’ होते. एडिंबऱ्यापासून अंतर सुमारे ८० किलोमीटर, पण राजधानीच्या बोलीपेक्षा ही बोली जुन्या वळणांना अधिक चिकटून आहे. गावाला आपल्या इतिहासाचा अभिमानही तितकाच आहे. १५१४ मध्ये इथल्या तरुणांनी हॉर्न्सहोल येथे इंग्रजांच्या तुकडीकडून झेंडा हिसकावून आणला होता, त्याची आठवण म्हणून दर जून महिन्यात घोडेस्वारांची मिरवणूक निघते, आणि त्या दिवसांत बोलीला विशेष धार चढते असे चहाच्या दुकानातल्या बाईंनी सांगितले.

हॉइकजवळच्या डेन्होम या खेड्यात १८३७ साली जेम्स मरे यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डच्या महाकाय इंग्रजी शब्दकोशाचे ते संपादक. पण त्याआधी १८७३ मध्ये त्यांनी या सीमाभागाच्या बोलीचा उच्चारांसह काटेकोर अभ्यास प्रसिद्ध केला होता. इंग्रजी भाषेचा जगातला सर्वात मोठा हिशेबनीस ज्या घरात वाढला, तिथे ‘यौ अॅन मेइ’ चालत होते, हे ‘प्रमाण’ आणि ‘अशुद्ध’ असे शब्द सहज वापरणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी एकदा ऐकून ठेवावे.

बुधवार, ग्लासगो

एडिंबऱ्याहून ग्लासगोला आगगाडीने तासाभराच्या आत पोहोचता येते आणि कानाला मात्र दुसऱ्या देशात आल्यासारखे वाटते. माझा भाचा इथे काही वर्षे नोकरी करतो आहे. त्याच्या इमारतीच्या सामायिक जिन्याला ‘क्लोज’ म्हणतात, आणि त्या जिन्यात भेटलेल्या शेजारीणबाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो ‘व्हेअर डू यू स्टे?’ असा होता. इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा अर्थ कोणत्या हॉटेलात उतरला आहात असा होतो. स्कॉटलंडमध्ये ‘स्टे’ म्हणजे कायमचे राहणे. पुण्या-मुंबईच्या इंग्रजीतही ‘तुम्ही कुठे राहता’ हे आपण अगदी असेच विचारतो, त्यामुळे मी न अडखळता गावाचे नाव सांगितले.

ग्लासगोचा हेल अवघड वाटण्याचे पहिले कारण म्हणजे गिळलेला ‘ट’. दोन स्वरांमध्ये ‘ट’ आला की जीभ उचललीच जात नाही, घशात एक क्षणभर हवा अडते आणि सुटते. ‘वॉटर’ चे ‘वॉ-अर’ होते, ‘बटर’ चे ‘ब-अर’. दुसरे कारण वेग, आणि तिसरे म्हणजे वाक्याच्या शेवटी वर चढणारा सूर, ज्यामुळे साधे विधानही प्रश्नासारखे वाटते आणि आपण विनाकारण उत्तर शोधू लागतो. एकोणिसाव्या शतकात क्लाइड नदीकाठच्या गिरण्यांत आणि जहाजांच्या कारखान्यांत आयर्लंडमधून आणि डोंगराळ स्कॉटलंडमधून हजारो माणसे आली, आणि आजच्या ग्लासगोच्या बोलीत त्या साऱ्यांचे काही ना काही मुरले आहे. अनेकांना उद्देशून बोलताना ‘यूज’ म्हणण्याची पद्धत आयर्लंडचीच मानली जाते, आणि ती फार सोयीची आहे. एका ‘यू’ वर सगळी भिस्त ठेवणाऱ्या प्रमाण इंग्रजीपेक्षा ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे ठेवणाऱ्या माणसाला ती लवकर पटते.

“मामा, इथे ‘का’ विचारायचं असेल तर ‘कसं’ विचारतात,” भाच्याने जेवताना सांगितले. “परवा मी ऑफिसात म्हणालो की उद्या मी येणार नाही, तर बाजूचा म्हणाला, ‘हाउ नो?’ म्हणजे का नाही. पहिल्या वर्षी मी अशा वेळी कसा येणार नाही ते समजावत बसायचो.”

मी विचारले, “मग आता तूही तसंच बोलतोस का?”

“ऑफिसात थोडं. पण ते लोक माझ्याशी बोलताना स्वतःच बदलतात. मी खोलीतून बाहेर पडलो की दाराबाहेर ऐकू येतं ते वेगळंच असतं.”

त्याच्या या शेवटच्या वाक्याने पुढच्या सगळ्या प्रवासाची दिशा ठरवली. परक्याला जे ऐकायला मिळते ते परक्यासाठी गाळलेले असते. स्कॉटिश बोली समजायला सोपी की अवघड, या प्रश्नाला उत्तर देणारा पाहुणा बहुतेक वेळा फक्त गाळलेल्या बोलीविषयी बोलत असतो.

गुरुवार, ग्लासगो

म्हणून आज कोणाशी फारसे न बोलता ऐकत हिंडायचे ठरवले. भुयारी रेल्वे त्यासाठी उत्तम. १८९६ साली सुरू झालेली ही रेल्वे पंधरा स्थानकांच्या एकाच वर्तुळात फिरते आणि डबे इतके ठेंगणे आहेत की समोरच्याचे संभाषण टाळू म्हटले तरी टाळता येत नाही.

दिवसभर ऐकल्यावर माझ्यापुरता एक निष्कर्ष निघाला. अनोळखी शब्द फारसा घात करत नाही, कारण तो अनोळखी आहे हे लगेच कळते आणि माणूस विचारून घेतो. ‘वेन’ म्हणजे लहान मूल, ‘पोलिस’ मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘व्हिट’ म्हणजे ‘व्हॉट’, हे एका दुपारीत अंगवळणी पडते. घात करतात ते ओळखीचे शब्द. एक आजीबाई ‘मेसेजेस’ आणायला निघाल्या होत्या, म्हणजे वाणसामान. ‘पीस’ म्हणजे डब्यातला सँडविच, ‘जिंजर’ म्हणजे कोणतेही फसफसणारे शीतपेय, ‘माइंड’ म्हणजे आठवणे. सर्वात फसवा ‘डाउट’. ‘आय डाउट इट्ल रेन’ असे कोणी म्हणाले तर इंग्लंडमधला माणूस छत्री घरी ठेवील, कारण त्याच्या मते पाऊस येण्याबद्दल शंका व्यक्त झाली आहे. स्कॉटिश माणूस छत्री घेईल, कारण त्याच्या भाषेत ‘पाऊस येणार अशी मला शंका आहे’ असाच अर्थ होतो. मराठीत आपण नेमके हेच म्हणतो, त्यामुळे या एका बाबतीत लंडनकरापेक्षा सोलापूरकर इथे कोरडा राहण्याची शक्यता अधिक.

व्याकरणातही असे खड्डे आहेत. ‘द कार नीड्स वॉश्ड’ हे वाक्य शिकलेली माणसेही निःसंकोच बोलतात आणि त्यात काही गाळले गेले आहे हे त्यांना सांगूनही पटत नाही. वाक्याच्या शेवटी ‘बट’ लावून मोकळे होणे ही ग्लासगोची खास सवय आहे. ‘पण’ नंतर पुढे काही येईल म्हणून वाट पाहणारा पाहुणा पाहतच राहतो. आणि ‘आय, राइट’ हे दोन होकार खेचून एकामागोमाग म्हटले की त्याचा अर्थ पक्का नकार होतो.

संध्याकाळी पोलोकशील्ड्स या भागात गेलो, जिथे पंजाबी आणि पाकिस्तानी कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून वसली आहेत. मिठाईच्या दुकानातला तिशीतला तरुण आजीशी पंजाबीत आणि गिऱ्हाइकांशी ठेठ ग्लासगो हेलात बोलत होता. सूर, ‘र’, ‘व्हिट’ सगळे इथले, पण त्याचे ‘ट’ आणि ‘ड’ किंचित मूर्धन्य, आपल्या ओळखीचे. बाहेर शाळेतून सुटलेल्या मुलांच्या तोंडी ‘लोख’, म्हणजे सरोवर, या शब्दातला घशातला ‘ख’ निव्वळ ‘क’ झाला होता आणि एडिंबऱ्याचा ‘ह्व’ साधा ‘व’. ग्लासगो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी शहरातल्या तरुणांच्या बोलण्यातले हे बदल नोंदवलेले आहेत. बोली मरत चालली असे म्हणणाऱ्यांना मात्र मी इथे सहमती देणार नाही, कारण हीच मुले घशातला ‘ट’ आपल्या आजोबांपेक्षा जास्त गिळतात, आणि तो काही लंडनच्या शाळांनी शिकवलेला नाही.

शुक्रवार, डंडी

डंडीचा हेल एका स्वरावर ओळखता येतो. जिथे इतर लोक ‘आय’ म्हणतात तिथे डंडीकर आखूड ‘ए’ म्हणतो. ‘पाय’ हा मांसाचा समोसा इथे ‘पे’ होतो आणि ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ नुसता ‘ए’. बेकरीत पाहुण्यांना शिकवण्यासाठी एक वाक्य तयारच असते: ‘ट्वा प्लेन ब्रायडीज अॅन अॅन इंगिन एन अॅन ऑ’. दोन साध्या ब्रायडी, म्हणजे मांस भरलेल्या करंज्या, आणि एक कांद्याचीसुद्धा, इतकाच त्याचा मतलब. बेकरीतल्या मुलीने ते सावकाश म्हणून दाखवले, आणि मग मागच्या खोलीतल्या सहकाऱ्याला काहीतरी ओरडून सांगितले, त्यातले मला एक अक्षर कळले नाही.

या शहराचा संसार बंगालच्या तागावर उभा होता. व्हर्डंट वर्क्स या जुन्या गिरणीत आता संग्रहालय आहे आणि तिथले माग चालू करून दाखवतात, तेव्हा शेजारी उभ्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही. गिरण्यांत बहुसंख्य कामगार बायका होत्या. त्या गोंगाटात ओठांच्या ठसठशीत हालचालींनी आणि हातांच्या खुणांनी बोलत असत, आणि घरी बसणाऱ्या नवऱ्यांना शहर ‘केटल बॉयलर’ म्हणून चिडवत असे. पुढे हुगळीकाठी गिरण्या निघाल्या तेव्हा त्यांचे मुकादम आणि व्यवस्थापक मोठ्या संख्येने डंडीहून कलकत्त्याला गेले, म्हणजे हा आखूड ‘ए’ कधीकाळी बंगाली कामगारांच्याही कानांवर पडला असणार.

शनिवार, इन्व्हर्नेस

इन्व्हर्नेसची इंग्रजी ब्रिटनमध्ये सर्वात शुद्ध, अशी एक जुनी समजूत आहे. तिच्यासाठी सतराव्या शतकात इंग्लंडचा सत्ताधीश सेनानी क्रॉमवेल याने ठेवलेल्या इंग्रज सैनिकांचे श्रेय पुढे केले जाते, पण त्यापेक्षा सरळ कारण हाताशी आहे. इथल्या लोकांची घरची भाषा गेलिक होती. इंग्रजी त्यांना शाळेतून आणि पुस्तकांतून मिळाली, शेजारच्या स्कॉट्स बोलीतून नाही, आणि पुस्तकातून शिकलेली भाषा स्पष्ट येते. आपल्याकडच्या कित्येकांचे इंग्रजी आठवून पाहावे. वयस्कर माणसांच्या बोलण्यात गेलिकच्या खुणा अजून सापडतात, जसे ‘जस्ट’ चे ‘चस्ट’ होणे. त्याहून नवल वाटले ते होकाराचे. नदीकाठच्या बाकावर दोघी बोलत होत्या, आणि ऐकणारी ‘आय’ हा होकार श्वास बाहेर सोडताना नव्हे तर आत ओढताना देत होती. दचकल्यासारखा तो आवाज येतो. हीच सवय समुद्रापलीकडे नॉर्वे-स्वीडनमध्येही आहे. बाकी या शहरात कानाला काही काम नव्हते.

रविवार, अॅबर्डीन

इन्व्हर्नेसहून अॅबर्डीनची गाडी दोन-सव्वादोन तास चालते आणि त्या डब्यात बसल्या बसल्या भाषेची सीमा ओलांडता येते. एल्गिन येईपर्यंत सगळे स्पष्ट होते. कीथच्या आसपास चढलेल्या दोन बायका समोर बसल्या आणि एकीने दुसरीला विचारले, “फार ये गान?” कुठे चाललीस? एडिंबऱ्याचा फुंकरीचा ‘ह्व’, ग्लासगोच्या पोरांचा ‘व’, तो इथे येऊन ‘फ’ झाला. ‘फिट’ म्हणजे काय, ‘फार’ म्हणजे कुठे, ‘फा’ म्हणजे कोण, ‘फू’ म्हणजे कसे. ही डोरिक, ईशान्य स्कॉटलंडची बोली. नाव ग्रीसमधल्या डोरियन लोकांवरून आले: एडिंबरा स्वतःला उत्तरेचे अथेन्स म्हणवू लागल्यावर खेड्यातल्या रांगड्या बोलीला डोरिक म्हणणे ओघानेच आले, आणि चिडवायला दिलेले नाव लोकांनी मिरवायला घेतले.

जिथे मुक्काम केला तिथल्या मालकीणबाईंनी न्याहारीला ‘रोवी’ वाढली, ही लोणी-चरबीची खारट, चपटी पावासारखी वस्तू कोळ्यांच्या सफरींसाठी निघाली असे सांगतात. ‘फिट लाइक?’ म्हणजे कसे काय, असे कोणी विचारले तर ‘नॅ बॅड, चाव्हिन अवा’ म्हणजे ‘बरं आहे, ढकलतोय’ असे उत्तर द्यावे, ‘छान’ म्हणणे इथे बढाई ठरते, असेही त्यांनी बजावले. मग चपलांच्या दुकानातला प्रसिद्ध प्रश्न म्हणून दाखवला: ‘फिट फिट फिट्स फिट फिट?’ कोणत्या पायाला कोणता जोड बसतो, असा त्याचा अर्थ, कारण ‘फुट’ म्हणजे पाऊलही इथे ‘फिट’. मुलाला ‘लून’, मुलीला ‘क्वाइन’. ‘रॉंग’ (चूक) आणि ‘राइट’ (लिहिणे) यांच्या आधीचा जो ‘डब्ल्यू’ इंग्रजीने कधीच मुका केला तो जुन्या डोरिकमध्ये ‘व्ह’ होऊन जिवंत आहे: ‘व्ह्रँग’, ‘व्ह्रीट’.

मुंबईकराला इथे एक नाव थबकवते. विद्यापीठात या भागाच्या लोकपरंपरांचा अभ्यास करणारी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट आहे. हे एल्फिन्स्टन म्हणजे आपले मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट नव्हेत, तर १४९५ साली हे विद्यापीठ स्थापणारे बिशप विल्यम. मात्र आडनाव स्कॉटिश असल्याची खूण दोन्हीकडे एकच.

सोमवार, पीटरहेड

शहरात डोरिक पातळ झाली आहे. १९७० च्या दशकात समुद्रात तेल सापडल्यापासून जगभरचे लोक अॅबर्डीनला आले आणि कार्यालयांतून ‘फिट’ मागे सरला. दाट बोली ऐकायची तर बकन भागातल्या मासेमारी बंदरांना जावे, असे सर्वांनी सांगितले, म्हणून बसने पीटरहेड गाठले. समुद्रावरून आलेले ‘हार’, म्हणजे पूर्व किनाऱ्याचे धुके, धक्क्यावर इतके दाट होते की बोटी आधी ऐकू येत आणि मग दिसत.

बंदराजवळच्या उपाहारगृहात चार-पाच कोळी बसले होते. त्यांच्या बोलीविषयी विचारले की ते सावरून बसत आणि दूरदर्शनवर बोलल्यासारखे बोलत. हे पूर्वीही दोन-तीन ठिकाणी झाले होते. तेव्हा बोली सोडून मासळीच्या भावाबद्दल विचारले. पहिले उत्तर माझ्यासाठी आले, दुसरे निम्मे माझ्यासाठी, आणि भाव कोणी पाडले यावर त्यांच्यात वाद जुंपल्यावर मला सगळेच विसरले. पुढची दहा मिनिटे शुद्ध डोरिक होती. त्यातले माझ्या पदरी पडले ते मुख्यतः प्रश्न, कारण ‘फ’ चा किल्लीसारखा उपयोग होतो: ‘फा’ आला की कोणा माणसाबद्दल, ‘फार’ आला की जागेबद्दल, इतके कळले की उरलेले हातवाऱ्यांवरून जुळवता येते. ‘-ई’ लावून प्रत्येक वस्तू लहान करायची लकब तिथे रांगड्या बाप्यांच्या तोंडीही आहे; ‘बोटी’, ‘बिटी’, ‘मॅनी’. मी उठताना त्यातला एक माझ्याकडे वळून अगदी स्वच्छ इंग्रजीत म्हणाला की बस दहा मिनिटांत आहे, पळा.

संध्याकाळी अॅबर्डीनहून शेटलंडची बोट पकडली. ती रात्रभर चालते.

मंगळवार, लर्विक

ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटे १४६८-६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली आणि ती कधीच सोडवली नाहीत. तोवर इथे नॉर्न ही नॉर्स कुळातली भाषा होती. पुढची तीनशे वर्षे ती विरत गेली आणि तिच्यावर स्कॉट्सचा थर चढला. त्यामुळे इथली बोली स्कॉट्स असूनही दिसते वेगळी. ‘थ’ आणि ‘द’ च्या मधला इंग्रजी उच्चार इथे नाही, ‘दिस’ आणि ‘दॅट’ हे शब्द मराठी माणूस म्हणतो तसेच म्हटले जातात. लहान ते ‘पीरी’. पश्चिमेकडच्या काही भागांत ‘ह्व’ आणि ‘क्व’ यांची अदलाबदल होते, म्हणजे त्या ‘ह्व’ चे आणखी एक रूप इथे मिळाले. हवामान ‘तो’ असतो. वारा वाढला की ‘तो वाढतोय’ म्हणतात. आणि ‘मी पाहिले आहे’ हे सांगायला इंग्रजीसारखे ‘हॅव’ न वापरता आपल्यासारखेच ‘आहे’ वापरतात: ‘आम सीन’.

परक्यासाठी बोली गाळण्याच्या क्रियेला शेटलंडने स्वतंत्र क्रियापद दिले आहे, ‘नॅप’. शेटलंडकर बाहेरच्याशी इंग्रजीत बोलू लागला की तो ‘नॅपिंग’ करतो, आणि गावातल्याच माणसासमोर तसे केले तर लोक त्याला नावे ठेवतात.

बंदराच्या संग्रहालयाबाहेर एक आजोबा नातवासह बसले होते. माझ्याशी ते ‘यू’ म्हणत अगदी समजेल असे बोलत होते. नातवाकडे वळले की ‘डू’ येत होते, आपल्या ‘तू’ सारखे, फक्त घरच्यांना आणि जिवलगांना. वयाने मोठ्या माणसाला ‘डू’ म्हटले तर चालते का, असे मी विचारले. त्यांच्या लहानपणी आईवडिलांना ‘डू’ म्हणण्याची कोणाची छाती नव्हती, असे ते म्हणाले. मग मी विनंती केली की माझ्याशीही नातवाशी बोलता तसेच बोला. त्यांनी थोडा विचार केला आणि नकार दिला. तुमच्याशी तसे बोलू लागलो तर मी बोलत नसून नाटक करतो आहे असे मला वाटेल, असे त्यांचे म्हणणे पडले.

नातवाला हे पटले नाही. तो अकरा-बारा वर्षांचा असेल. तो संगणकावर इंग्लंडमधल्या मुलांबरोबर खेळतो आणि त्यांच्याशी मुळीच ‘नॅप’ करत नाही, असे त्याने आजोबांकडे पाहत सांगितले. ती मुले त्याला नॉर्वेचा समजतात, आणि त्याने अजून त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.